तीन नंबरची गाठ

बाबा तारेला काटे बांधायचे.
वर्गात सांगितलं की मुली हसायच्या,
म्हणून मी नुसतं म्हणायचे, लोखंडाच्या कारखान्यात आहेत.
रे रोडला, दारूखान्याच्या अलीकडे,
पत्र्याखाली पाच यंत्रं,
त्यातलं तीन नंबरचं धाकू मांजरेकरांचं.

दोन तारा पीळ खात पुढे सरकायच्या.
दर चार इंचांवर गाठ,
गाठीला चार टोकं.
आई त्यांच्या ताटात लोणचं वाढायची नाही.
बोटांना झोंबतं.

तीन नंबरात खोट होती :
दर चाळिसावी गाठ डावीकडे वळायची.
मुकादमाने दोनदा मिस्त्री आणला,
मग म्हणाला, जाऊ दे, गुरांना कुठे कळतंय.

बाबांना वाचता येत नव्हतं. मला येत होतं.
भेंडोळ्यांवर स्टेन्सिलची ओली काळी अक्षरं :
तुरुंग. छावणी. सरहद्द.
कुठे जातो गो माल, त्यांनी विचारलं.
नाशिकला, मी म्हटलं. द्राक्षांच्या मळ्यांना.

रात्री मी शुद्धलेखन लिहायचे, ते बघत बसायचे.
सगळी अक्षरं लिहून झाल्यावर
वरून एक तार ओढतेस ती कित्याक?
पळान जातली म्हणून?
आणि ह्यात आत कोण नि भायर कोण?
मी म्हटलं, बाबा, मला गृहपाठ आहे.

माझगावच्या वाचनालयात एक पुस्तक होतं,
दूरच्या कुठल्या युद्धातल्या कैद्यांची पत्रं.
मधल्या पानावर फोटो. तारेमागे एक माणूस,
कोटाला एकच बटण.
मी माणसाकडे नंतर पाहिलं.
आधी ग्रंथपालांचं भिंग मागून
गाठी मोजल्या.
तेविसाव्या गाठीशी फोटो संपत होता.

मग तो जानेवारी.
संचारबंदीत आमच्या गल्लीच्या तोंडावर
रातोरात भेंडोळं उलगडलं.
पलीकडे खैरुन्निसाचं शिलाई मशीन,
अलीकडे आमचा नळ.
तिसऱ्या दिवशी आईने तारेतून दुधाची पिशवी दिली.
फाटली.
दूध रस्त्यावरून गटाराकडे गेलं,
खैरुन्निसा आणि आई दोघी त्याच्याकडे बघत उभ्या,
आणि बंदोबस्ताचा पोरगेला शिपाई
दुसरीकडे बघत.

बाबा खाली उतरले.
तारेवरून बोट फिरवत गेले, देवळातल्या घंटेखालून जावं तसे वाकून.
एका जागी थांबले.
ही माझी, म्हणाले.
डावीकडे वळलेली.
घरात येऊन जेवले नाहीत.

पहाटे पक्कड घेऊन गेले.
कापली असती तर आवाज झाला असता,
आणि कापायचा हात नव्हताच त्यांचा.
त्यांनी ती गाठ सोडवली.
चारही टोकं, एकेक,
यंत्राने पाव सेकंदात केलेलं
अर्धा तास लावून उलटं केलं.
जन्मभरात एकच.
आठ इंच गुळगुळीत तार राहिली,
मनगट जाईल एवढी.
तिथून दूध गेलं, मेणबत्त्या गेल्या,
एकदा निळ्या दोऱ्याचं रीळ इकडे आलं,
आईच्या फाटक्या ब्लाउजसाठी.

खैरुन्निसा पुढे मुंब्र्याला गेली. जाताना भेटली नाही.
यावरून कुणी काय समजायचं ते समजावं.
मीही पत्ता मागितला नव्हता.

कारखाना बंद झाला तेव्हा
हिशेबाच्या कागदावर अंगठा नको म्हणाले.
छप्पन्नाव्या वर्षी एवढंच शिकवा, नाव.
पहिल्यांदा त्यांनी तार सरळ ओढली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून.
मी म्हटलं, नाही बाबा, हे घाकू झालं.
ध च्या डोक्यावर तार जोडायची नसते.
इथे फट ठेवायची.

त्यांनी चष्मा पुसला.
कागद खिडकीच्या उजेडात धरला,
ती फट नखाने मापली.

ह्येच्यातसून, म्हणाले,
दुधाची पिशवी जायत काय गो?